औषधाला दाद न देणारी बुरशी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी जो विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे, तो ऐकून काहींना नवल वाटेल. मेळाव्यात शिक्षक बोलायला उठला म्हणजे तो हजेरी, अभ्यास आणि निकाल ह्यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते आणि ती रास्तही आहे. त्यातून मी बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. डॉक्टर नव्हे, की प्रयोगशाळेत काम केलेला शास्त्रज्ञही नव्हे. तरीसुद्धा आज मी बुरशीवर बोलणार आहे. कारण, औषध लावले, गुण आला, औषध थांबवले आणि दुखणे पुन्हा उद्भवले, ही तक्रार आपल्या चिमूरमध्ये घरोघरी ऐकू येते. अशा वेळी आपण औषधाला दोष देतो, डॉक्टरला दोष देतो आणि शेवटी नशिबाला दोष देतो. परंतु बुरशी औषधाला दाद का देत नाही, हा प्रश्न विचारतो कोण? तो प्रश्न आज आपण मिळून विचारू या. मी जे वाचले, जाणकारांकडून समजून घेतले, तेच सोप्या शब्दांत आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम बुरशीची ओळख करून घेऊ. बुरशी म्हटली की शिळ्या भाकरीवरचा हिरवा-काळा थर आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण बुरशीच्या कुळात एक धाकटी शाखा आहे. तिचे जीव एकेका पेशीचे असतात आणि कळी फुटावी तशी आईच्या अंगाला लेक फुटून ते वाढतात. इंग्रजीत त्यांना यीस्ट म्हणतात. आपल्याला ते मुळीच परके नाहीत. नानचे पीठ फुगवणारे खमीर ते हेच. रात्री पिठात कालवलेले चिमूटभर खमीर सकाळपर्यंत पातेल्याबाहेर येऊ पाहते, हा पराक्रम ह्याच सूक्ष्म जीवांचा.

ह्या खमिराचा एक भाऊबंद म्हणजे कँडिडा. तो आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर राहतो. निरोगी माणसाच्या अंगावरही असतो आणि बहुधा काही उपद्रव देत नाही. घरातल्या एखाद्या अबोल भाडेकऱ्यासारखा तो पडून असतो. परंतु माणसाची साखर वाढली, अंगातली ताकद खालावली, जंतुनाशक गोळ्यांचा भडिमार होऊन आतड्यातले उपयोगी जंतू मेले, किंवा एखादी जागा सतत ओली राहिली, की हा भाडेकरू मालक होऊन बसतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसतात, ते बहुधा ह्याचेच काम. रोवणीच्या दिवसांत आपल्या आया-बहिणी दिवस दिवस बांधीच्या चिखलात उभ्या राहतात आणि त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यातही कधी कँडिडा असतो, तर कधी गजकर्णाच्या जातीची बुरशी. स्त्रियांच्या नाजूक जागी खाज येऊन पांढरे जाते, त्यामागेही पुष्कळदा हाच असतो. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. म्हणजे हे दुखणे किती सामान्य आहे आणि आपण ते किती लपवतो, ह्याचा विचार करावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. उन्हाळ्यात आपण घराघरांत माठ भरतो. चार-आठ दिवस माठ घासला नाही, नुसता वरून विसळून पुन्हा भरला, तर आत हात घातल्यावर काय लागते? बुळबुळीत थर. तो पाण्याने जात नाही. कितीही विसळा, तो तिथेच. घरातली बाई काय करते? ती काथ्या घेते, आतून खसखसा घासते, माठ उन्हात पालथा घालते आणि मग भरते. सूक्ष्म जीवांनी कुठल्याशा पृष्ठभागाला चिकटून, आपल्याच अंगातून चिकट द्रव्य सोडून, त्यात घर करून राहायचे, ह्या प्रकाराला शास्त्रात बायोफिल्म म्हणतात. मराठीत त्याला जैवपटल असा शब्द आहे. आपण आपला साधा शब्द वापरू, थर.

हा थर आपल्या सर्वांच्या तोंडातही आहे. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो चिकटपणा लागतो, तो थरच. हॉलंडमध्ये डेल्फ्ट गावी अँटनी व्हॅन लीवेनहूक नावाचा एक कापड-व्यापारी होता. त्याच्याजवळ कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने सूक्ष्म जीवांचे जग पाहिले. सतराव्या शतकात, १६८३-८४ च्या सुमारास, त्याने आपल्याच दातांवरचे कीटण भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव त्याला दिसले. सिरक्याने दात धुतल्यावर काय होते, हेही त्याने तपासले. त्याला आढळले की सिरका कीटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मारतो, आतपर्यंत पोचत नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज मी ज्या गोष्टीवर तासभर बोललो तरी पुरणार नाही, ती एका कापडवाल्याने सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. पदवी असो वा नसो, पाहणारा डोळा हवा.

कँडिडाही असाच थर करतो. १९९० नंतरच्या काळात ग्लासगो येथील संशोधकांनी रुग्णालयात वापरतात त्या नळ्यांच्या तुकड्यांवर कँडिडा वाढवून ही गोष्ट नीट अभ्यासली. घडते ते असे. आधी काही पेशी नळीच्या प्लॅस्टिकला चिकटतात. काही तासांत त्यांची संख्या वाढते. मग त्यांतल्या काही पेशी लांबट होतात, त्यांचे धागे होतात आणि धाग्यांत धागे गुंतून चटई विणल्यासारखे जाळे तयार होते. त्यावर चिकट द्रव्याचे लिंपण होते. प्रयोगशाळेत एक-दोन दिवसांतच हे घर पुरे बांधून होते. मग त्यातून काही पेशी सुटतात आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे नवे घर थाटतात.

आता ह्या घरात राहणाऱ्या बुरशीवर औषध सोडले तर? मोकळ्या, सुट्या पेशी ज्या मात्रेत मरतात, तीच मात्रा थरातल्या पेशींना पुरत नाही. काही औषधांच्या बाबतीत तर प्रयोगशाळेत हा फरक हजार पटीपर्यंत दिसून आला आहे. एवढी मात्रा माणसाला देताच येत नाही. बुरशी मरण्याआधी माणूसच जायचा.

असे का होते, ह्याची तीन कारणे मी सांगतो. पहिले, चिकट लिंपण. त्यात ग्लुकन नावाची साखरेच्या कड्यांची साखळी असते. ती औषध आत जाऊ देण्याऐवजी स्वतःच पकडून ठेवते. भिंतीनेच पाणी शोषून घ्यावे आणि आतला माणूस कोरडा राहावा, तसे. दुसरे, पेशींच्या अंगावर सूक्ष्म पंप असतात. आत शिरलेले औषध ते बाहेर फेकतात. थर जमू लागताच हे पंप जोराने चालू लागतात. तिसरे कारण सर्वांत चमत्कारिक आहे. थरात काही पेशी नुसत्या निपचित पडून असतात. त्या खात नाहीत, वाढत नाहीत. औषध बहुतांश पेशींना मारते, पण ह्या झोपलेल्यांना धक्का लागत नाही. औषध थांबले की त्या जाग्या होतात आणि घर पुन्हा भरते. पूर्ण बरे वाटल्यावर दुखणे पुन्हा का उलटते, ह्याचे एक उत्तर इथे आहे.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. दाद न देणे दोन प्रकारचे असते. एक घरामुळे आलेले. तीच पेशी थरातून सुटून एकटी पडली की बहुधा पुन्हा औषधाला बळी पडते. दुसरे रक्तातच आलेले, म्हणजे पेशीच्या अनुवंशद्रव्यात बदल होऊन तिच्या लेकी-नातींपर्यंत उतरणारे. ह्या दोहोंचा संबंध असा की, घराच्या आडोशाने बुरशी औषधाच्या अर्धवट माऱ्यात दीर्घकाळ जिवंत राहिली, तर दुसऱ्या प्रकारच्या पेशी पुढे येण्याची संधी वाढते. आजचा आडोसा असा उद्याचा वारसा होऊ शकतो.

हे पुस्तकातले ज्ञान झाले. माझ्या घरातला एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मामूंचे आतड्याचे मोठे ऑपरेशन नागपूरच्या एका रुग्णालयात झाले. तोंडाने अन्न बंद होते, म्हणून मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून तीतून पोषण चालू होते. आठवड्याने ताप भरला. रक्ताच्या तपासणीत कँडिडा निघाला. औषध सुरू झाले, ताप उतरला, पुन्हा चढला. मामी मला म्हणाल्या, "बेटा, एवढे महागडे इंजेक्शन रोज चालू आहे, मग ताप का जात नाही? औषध नकली तर नसेल?" मी डॉक्टरांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, औषध खरे आहे. पण नळीच्या आत बुरशीने घर केले आहे असे दिसते. घर ठेवून तापाशी लढण्यात अर्थ नाही." त्यांनी ती नळी काढली. पुढे तीन-चार दिवसांत ताप हटला. रक्त स्वच्छ निघाल्यावरही दोन आठवडे औषध चालू ठेवले. मामू घरी आले. त्या दिवशी मला माठ आणि काथ्या ह्यांचा अर्थ कळला. रक्तात कँडिडा सापडला की शक्य असेल तिथे शिरेतली नळी लवकर काढावी, हा वैद्यकाचा मान्य नियमच आहे, हे मी पुढे वाचले.

पालकहो, कोणी म्हणेल, मोठ्या रुग्णालयातल्या गोष्टी आम्हाला कशाला? तर आज रुग्णालय घरात आले आहे. लघवीची नळी लावलेली वडीलधारी माणसे घरी खाटेवर असतात. कित्येक आजोबांच्या तोंडात कवळी आहे. दमेकऱ्यांच्या हातात पंप आहे, बाळाच्या तोंडात बाटलीचे बूच आहे. ह्यातल्या प्रत्येक वस्तूवर बुरशी घर करू शकते.

बुरशीविरुद्धची औषधे आपल्याजवळ किती आहेत, हेही समजून घ्या. जंतूंविरुद्ध औषधांची रांग आहे, पण बुरशीविरुद्ध जेमतेम चार-पाच घराणी. कारण सोपे आहे. जंतूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीसारखी, तिच्यात केंद्रक असतो. तिला मारणारे विष आपल्यालाही बाधण्याची भीती. म्हणून तिला लागेल आणि आपल्याला लागणार नाही, असे औषध सापडणे कठीण.

ह्या शोधात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे आणि तो विद्यार्थ्यांना माहीत असावा. १९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन ह्या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी मातीतल्या सूक्ष्म जीवापासून बुरशीनाशक औषध काढले आणि आपल्या न्यूयॉर्क स्टेटच्या नावावरून त्याला निस्टॅटिन म्हटले. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास आपल्याच मातीतल्या जीवापासून नवे बुरशीनाशक शोधले. कारखान्याच्या नावावरून त्याचे नाव पडले हॅमायसीन, आणि ज्या जीवापासून ते मिळाले त्याला पिंपरीच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना म्हटले गेले. आपल्या एका गावाचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत असे कोरले गेले. परंतु हेही पाहा, की १९५० च्या निस्टॅटिननंतर नव्या घराण्यातले कॅस्पोफंजिन हे औषध बाजारात यायला २००१ साल उजाडले. एक घराणे निकामी झाले, तर दुसरे कधी येईल ह्याचा भरवसा नाही.

२०२१ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. कोरोनापाठोपाठ काळ्या बुरशीची, म्हणजे म्यूकरमायकोसिसची साथ आली. ती कँडिडाहून वेगळी, धाग्यांची बुरशी. जूनअखेर देशात ४० हजारांवर रुग्णांची नोंद झाली. नागपुरात रुग्णांची गर्दी होती, कित्येकांना डोळा गमवावा लागला. ॲम्फोटेरिसिन नावाचे इंजेक्शन मिळवण्यासाठी नातेवाईक गावोगाव वणवण हिंडले. अखेर मे महिन्यात शेजारच्या वर्ध्यातील जेनेटिक लाइफ सायन्सेस ह्या कंपनीने ते तयार करायला घेतले, तेव्हा विदर्भाला थोडा धीर आला. ज्याच्याजवळ मोजकीच औषधे असतात, त्याची अशी धावपळ होते. म्हणून आहेत ती औषधे सांभाळून वापरणे, हे केवळ डॉक्टरांचे नव्हे, आपलेही काम आहे.

औषधांना रक्तातूनच दाद न देणारा एक कँडिडा आता जगभर फिरत आहे. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून तो प्रथम ओळखला गेला, म्हणून त्याचे नाव कँडिडा ऑरिस, म्हणजे कानाचा कँडिडा. आपल्या देशात दिल्लीच्या संशोधकांनी त्याची पहिली नोंद २०१३ मध्ये केली. फ्लुकोनॅझोल ह्या नेहमीच्या औषधाला त्याचे बहुतेक नमुने दाद देत नाहीत. तो खाटेच्या दांडीवर, टेबलावर, माणसाच्या कातडीवर दिवसेंदिवस टिकून राहतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने १९ बुरशींची यादी काढली आणि त्यांतल्या चौघींना सर्वांत गंभीर गटात टाकले. त्या चौघींत कँडिडा ऑरिस आहे आणि आपल्या तोंडातला जुना कँडिडा अल्बिकन्सही आहे. म्हणून रुग्णालयात आजारी माणसाला भेटायला जाताना आणि परतताना साबणाने हात धुवा. चार जणांचे काम असेल तिथे चौदा जणांनी खाटेभोवती बसू नये. भेटीला जाणे हा आपला चांगला रिवाज आहे. तो सांभाळून करावा, एवढेच माझे म्हणणे.

आता शाळेतल्या गोष्टीकडे येतो. घरी आपण ज्याला 'दाद' म्हणतो आणि मराठीत ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतात, ते दुखणे कँडिडाचे नव्हे, दुसऱ्या जातीच्या बुरशीचे. पण औषधाच्या दुरुपयोगाचा धडा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. आज ही दाद औषधाला दाद देईनाशी झाली आहे! पूर्वी जी दोन आठवड्यांत बरी होई, ती आता महिनोन्‌महिने रेंगाळते. मधल्या सुट्टीत मुलांच्या खिशातून मलमाच्या नळ्या बाहेर पडताना मी पाहतो. त्या कोणी लिहून दिल्या म्हणून विचारले, तर उत्तर येते, दुकानातून आणल्या, चाचांनाही तेच लावतात. अशा मिश्र मलमांत बहुधा बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत बसते, आपल्याला वाटते गुण आला. प्रत्यक्षात शरीराचा पहारेकरी झोपवला जातो आणि बुरशी मोकाट पसरते. कातडी पातळ होते, पांढऱ्या रेषा पडतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. पण कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. दाराच्या आत आपली सवय असते. आपल्या देशात पसरलेल्या अशा एका हट्टी गजकर्णाच्या बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. पिंपरीचे नाव औषधामुळे ग्रंथांत गेले, हे नाव रोगामुळे गेले. दोन्ही आपलीच. कोणते भूषणाचे, हे सांगायला नको.

तर मग आपण काय करावे? मी आपणांस जड जाईल असे काही सांगणार नाही.

पहिली गोष्ट, घर मोडा. म्हणजे बुरशीचे घर! कवळी असेल तर रात्री काढून ठेवावी आणि रोज ब्रशने घासावी, नुसती विसळू नये. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. बाळाची बाटली आणि बूच घासून, उकळून घ्यावे. वाटी-चमच्याने पाजता आले तर अधिक चांगले. लघवीची नळी किती दिवस ठेवायची, कधी बदलायची, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. ठरलेली तारीख चुकवू नये आणि नळी आपल्या मनाने ओढून काढू नये.

दुसरी गोष्ट, कोरडे राहा. बुरशीला ओल प्रिय. पाय धुतल्यावर, वुजू केल्यावर, बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपून मगच मोजे चढवावेत. शेतातून आल्यावर आया-बहिणींनी पाय धुऊन चांगले कोरडे करावेत. पावसाळ्यात मुलांना ओली चड्डी, ओले बनियन घालून शाळेत पाठवू नये. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा आणि कपडे उन्हात वाळवावेत.

तिसरी गोष्ट, साखर तपासा. वारंवार खाज, वारंवार तोंड येणे, जखम न भरणे, ही कधी कधी मधुमेहाची पहिली चिठ्ठी असते. साखर आटोक्यात नसेल, तर बुरशीचे औषध म्हणजे फुटक्या माठात पाणी.

चौथी गोष्ट, औषध पुरे करा. खाज थांबली म्हणजे बुरशी संपली असे नव्हे. झोपलेल्या पेशींचे मी मघाशी सांगितलेच. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये. पूर्ण औषध घेऊनही दुखणे उलटले, तर दुकानातून अधिक कडक औषध मागण्याऐवजी सरकारी दवाखान्यात जावे आणि नमुना तपासता येईल का, असे विचारावे. कोणती बुरशी आहे आणि तिला कोणते औषध लागू पडते, हे नमुन्यावरून कळते. त्यासाठी चंद्रपूर, सेवाग्राम आणि नागपूर येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

पाचवी गोष्ट मी माता-भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्या पुरुषांसाठी सांगतो. अंगावरून पांढरे जाणे, खाज येणे, ह्यात लाजेचे काही नाही आणि चारित्र्याचा तर मुळीच संबंध नाही. लाजेपोटी बाई सांगत नाही, मग शेजारणीची गोळी घेते, अर्धी घेते, पुन्हा घेते. वर्षातून तीन-चार वेळा हा त्रास झाला, तर तपासणी करायलाच हवी. नवऱ्याने तिला दवाखान्यात घेऊन जावे. हा मोठेपणा नव्हे, कर्तव्य आहे. मुलींनी आईला सांगावे आणि आईने ऐकून घ्यावे. शाळेत एखाद्या मुलाला गजकर्ण झाले, म्हणून त्याला चिडवणे किंवा वेगळे बसवणे मी माझ्या वर्गात चालू देत नाही. घरीही ते होऊ नये. दुखणे उघड्यावर आले की ते लवकर बरे होते. लपवले की तेही घर करते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम देतो. सूक्ष्मदर्शकाची एक स्वच्छ काचपट्टी दोऱ्याला बांधून शिक्षकांच्या देखरेखीखाली एखाद्या मामा तलावाच्या पाण्यात आठवडाभर टांगून ठेवा. बाहेर काढल्यावर ती पाण्याने हलकेच विसळा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. विसळल्यानंतरही काय काय चिकटून राहिले आहे, ते वहीत काढा. मग पट्टी घासून पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी साखरेच्या कोमट पाण्यात चिमूटभर खमीर टाकून त्याचा एक थेंब पाहा. आईच्या अंगाला फुटलेली लेक तुम्हाला दिसेल. मी सांगितले म्हणून मानू नका, पाहा आणि मग माना. तुमच्यापैकी कोणी पुढे औषधशास्त्राकडे, सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळला, तर ह्या थराला विरघळवणारे औषध अजून शोधायचे बाकी आहे, हे लक्षात असू द्या. पिंपरीच्या मातीत एक औषध निघाले. चिमूरच्या जंगलातल्या मातीत काय आहे, हे कोणीतरी पाहायलाच हवे.

पालकहो, बुरशी ही बलाढ्य नाही. एकटी पेशी साध्या औषधाने मरते. तिचे बळ एकत्र राहण्यात, आडोशात आणि आपल्या धरसोडीत आहे. आडोसा मोडणे आणि धरसोड सोडणे, ह्या दोन्ही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. त्यांना पैसे फारसे लागत नाहीत. उलट मलमांवर जाणारे वाचतात, आणि ते मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतील.